अर्ध्या जावळाचा खटला

लग्नाच्या पंगतीत माझी एक अडचण होते. शेजारी बसलेली बाई विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते, आता निवृत्त झाले. त्यावर ती घास हातात तसाच धरून आधी स्टेजवरच्या नवरा-नवरीकडे बघते, मग माझ्याकडे, आणि खुर्ची जराशी पलीकडे सरकवते. जणू मी जिलबी खायला नाही, गिऱ्हाईक हेरायला आलेय. काही जणी मात्र जवळ सरकतात. जेवण झाल्यावर हात धुता धुता त्या हळूच माझा नंबर मागतात. तो नेहमी एखाद्या मैत्रिणीसाठी हवा असतो.

मी नोकरी केली ती नगरला. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पाट्याही बदलल्यात, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय. लोकांना वाटतं, समुपदेशक म्हणजे तुटायला आलेले संसार जोडणारी बाई. तसले मी फार थोडे जोडले, आणि त्यातलेही काही जण पुन्हा येऊन मलाच बोल लावून गेले. आमचं खरं काम संसार मोडल्यावर सुरू होतं. भांडी वाटता येतात, दागिने वाटता येतात, लग्नातला सोफासेट तर दोघांनाही नको असतो. पण पोरगं कसं वाटणार? तिथं न्यायाधीशसुद्धा पेन खाली ठेवतात आणि फाईल आमच्याकडे पाठवतात. मग आम्ही आईशी, बापाशी आणि मुलाशी वेगवेगळं बोलायचं, घरं बघून यायची आणि मूल कुणाकडे राहावं, दुसऱ्याला कधी भेटावं याचा अहवाल द्यायचा.

कायद्यात याला 'मुलाचा ताबा' म्हणतात. हा शब्द माझ्या डोक्यात जातो. ताबा शेताचा असतो, गाळ्याचा असतो, हप्ते थकलेल्या ट्रॅक्टरचा असतो. पण इंग्रजांच्या काळात कायदा झाला, त्यावर डागडुजी होत राहिली, मधूनमधून आयोग बसले, त्यांनी अहवाल दिले, आणि शब्द आपला तिथंच आहे. लोकही त्या शब्दाप्रमाणेच वागतात. एक बाप माझ्यासमोर सातबारा फडकवत आला होता. जमिनीला मुलाचं नाव लावून आणलं होतं त्यानं. "मॅडम, नाव लागलं. आता ताबा माझाच की न्हाई?" मी त्याला समजावलं, की पोरगं वावरात उगवलेलं नाही. त्याला ते पटलं नाही. तलाठ्याला पटलं तर तुम्हाला का पटत नाही, असं त्याचं म्हणणं.

आदेशांचा मसुदाही कुठल्या तरी मोठ्या शहरातून उतरवलेला असायचा. 'नाताळच्या सुट्टीतला अर्धा काळ मूल वडिलांकडे राहील.' आमच्या पारनेर-पाथर्डीच्या झेडपीच्या शाळांना नाताळची सुट्टी एकच दिवस. म्हणजे दुपारी जेवून पोरगं बापाकडे पोचवायचं की काय? आणि ज्या दिवसासाठी दोन्ही घरं खरोखर जीव टाकतात, त्या गावच्या यात्रेचा उल्लेख आदेशात कुठंही नाही. मी हातानं लिहून घालायचे. वकील ते खोडायचे. मी पुन्हा घालायचे.

पोटगीचीही तीच तऱ्हा. शेवगावकडचा एक शेतकरी हटून बसला. मुलीला पैसे देणार नाही, म्हैस देणार. "पैसे दिले तर हिच्या माहेरचे चहा पितील. म्हैस दिली तर दूध पोरीच्या पोटात जाईल." बायकोला हे ताबडतोब पटलं. पटलं नाही फक्त दोन्ही वकिलांना. शेवटी तडजोडीच्या कागदात 'एक दुभती म्हैस' असं लिहिलं गेलं आणि सगळे आनंदानं घरी गेले. पुढं म्हैस व्यायली आणि हा गडी परत कोर्टात हजर. म्हैस मुलीची, पण रेडकू माझं! आमच्या जजसाहेबांनी गंभीर चेहऱ्यानं निकाल दिला, की रेडकू दूध पितंय तोवर आईजवळ राहील. तो कायद्याला धरूनच होता. माणसांच्या बाबतीतही पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच ठेवतात.

पाच वर्षं पुरी व्हायला आली, की मात्र बापांना कंठ फुटतो. मला सांगायची आहे ती गोष्ट अशाच एका पाचव्या वर्षाची.

मुलाचं नाव स्वराज. त्याचा बाप संदीप पारनेरकडच्या एका गावचा, नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर कामाला. आई अश्विनी तिसगावची, तिथल्या बाजारपेठेत तिचं छोटं ब्यूटी पार्लर. दोघांचा घटस्फोट झालेला. मूल आईकडे. बापाला महिन्यातल्या दोन शनिवारी थोडा वेळ भेट, तीही कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. या खोलीत एक प्लॅस्टिकची घसरगुंडी, पायडल गेलेली तीनचाकी सायकल आणि भिंतीवर रंगवलेला ससा. तो ससा बघून दोन मुलं रडल्याचं मला आठवतं.

संदीपची मागणी एकच होती. "मॅडम, मला ताबाबिबा काय नको. एक रात पोरगं माझ्याजवळ झोपू द्या. सकाळी उठल्यावर त्याचं तोंड कसं दिसतं, तेच मला ठावं न्हाई."

अश्विनीला ते नुसतं ऐकूनच धडकी भरायची. "एकदा तिकडं गेलं की परत द्यायचे न्हाईत ती लोकं. मग मी बसायचं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत, अन् पोरगं तिकडं मला इसरून जायचं."

तिची भीती खोटी नव्हती. यात्रेला म्हणून नेलेलं मूल परत न आल्याच्या केसेस मी पाहिल्या होत्या. आदेश मिळवून, पोलीस घेऊन आई पोचेपर्यंत तिला 'मावशी' म्हणायला लागलेलं पोरही पाहिलं होतं. त्यामुळे संदीपचं ऐकलं की मला संदीपचं पटायचं आणि अश्विनीचं ऐकलं की अश्विनीचं. या नोकरीत याला तटस्थपणा म्हणतात.

या सगळ्यात स्वराजचे केस वाढत होते.

जावळ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळाचे जन्मापासूनचे केस पहिल्यांदा काढायचे ते बापाच्या कुलदैवतासमोर, आणि त्या वेळी मूल बसलेलं पाहिजे मामाच्या मांडीवर. वर्षही विषम लागतं, पहिलं, तिसरं, नाहीतर पाचवं. तोवर कात्री लावायची नाही. आमचं घर बौद्ध. देवाला केस देणं आमच्याकडे आजोबांनीच बंद करून टाकलं, त्यामुळे मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण ऐकल्यावर वाटलं, आमच्या कायद्याला जे सुचलं नाही ते या रिवाजाला सुचलंय. देव बापाकडचा आणि मांडी मामाची. दोन्हीकडची माणसं एका जागी आल्याशिवाय पोराच्या डोक्यावरचा भार उतरत नाही.

इथं तर मामाच बिथरलेला. अश्विनीचा भाऊ दत्ता टेम्पो चालवायचा. संसार मोडला तेव्हा त्यानं तिसगावच्या भर बाजारात संदीपच्या कानाखाली काढली होती, आणि पुन्हा संदीपच्या गावात पाय ठेवणार नाही म्हणून शपथही घेतली होती. पहिलं वर्ष भांडणात गेलं, तिसरं तारखांत. पाचवं लागलं तेव्हा स्वराजचे केस खांद्याखाली आलेले. आई पार्लरवाली, त्यामुळे निगा उत्तम. रोज दोन पोनी, लाल रबरबँड लावून. एसटीत कंडक्टर त्याला "ए ताई, आत सरक" म्हणायचा. तिकडं पारनेरला संदीपच्या आईनं, हौसाबाईंनी, जावळासाठी बोकड राखून ठेवला होता. आमच्या कोर्टात पुढची तारीख पडली, की अख्ख्या जिल्ह्यात एकच जीव खूश व्हायचा, तो हा बोकड. खाऊन खाऊन तो वासराएवढा झाल्याचं संदीप सांगायचा.

पाचवं सरायला आलं, तशी हौसाबाईंची घालमेल वाढली. एका शनिवारी त्या भेटीला आल्या, बरोबर एक गृहस्थ आणि एक पिशवी. "ह्यो आमच्या चुलत दिराचा," म्हणाल्या. मी बसवून घेतलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीत एक जोडपं मिक्सरच्या भांड्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेलं, म्हणून मला तिकडं पळावं लागलं. भांडं दोघांच्या हातून सोडवून मी परत आले, तर मुलांच्या खोलीचं दार लोटलेलं आणि आतून बारीक घरघर ऐकू येत होती.

दार उघडलं. घसरगुंडीच्या पायरीला संदीपचा मोबाईल टेकवून ठेवलेला, त्यावर खंडोबाचा फोटो. फोटोला हळद वाहिलेली, स्क्रीन पार पिवळी. समोर आमचा शिपाई बबन मांडी घालून बसलेला, त्याच्या मांडीवर स्वराज. आणि चुलत दिराचे चिरंजीव बॅटरीवरचं मशीन घेऊन त्याच्या डोक्यावर चालवतायत. ते गावचे न्हावी निघाले. संदीप खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"थांबा!" मी ओरडले.

मशीन थांबलं. स्वराजच्या डोक्याची डावी बाजू तुळतुळीत झालेली. उजवीकडे पोनी जागच्या जागी, रबरबँडसकट.

"बबन, तू मामा कधीपासून झालास?"

बबन उठूही शकत नव्हता, मांडीवर पोर होतं. "मॅडम, मी तिसगावचाच हाय. ह्याच्या आईच्या गावचा. गावच्या नात्यानं भाचाच लागतो की ह्यो. म्हातारीनं हात जोडले, नाही कसं म्हनायचं?"

हौसाबाईंनी आमच्यापेक्षा बारकाईनं विचार केला होता. कुलदैवत कोर्टात येऊ शकत नाही म्हणून त्याचा फोटो. मामा येत नाही म्हणून गावकीचा मामा. एकेक अडचण त्यांनी पद्धतशीर काढून टाकली होती. वकील झाल्या असत्या तर खोऱ्यानं कमावलं असतं.

"आता अर्धंच तर ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "उरकू द्या की, बाई."

काय करावं ते मला सुचेना. पुरं करू द्यावं तर माझ्या खोलीत, माझ्या परवानगीनं झालं असं होणार. अडवावं तर पोराचं हे असं ध्यान. मी विचार करत असतानाच भेटीची वेळ संपली आणि अश्विनी आत आली.

ती दारातच थांबली. मग पहिला प्रश्न आला तो पार्लरवालीचा. "ह्यो कट कोनी मारला?"

त्यानंतर जे झालं ते कोर्टाच्या तिन्ही मजल्यांनी ऐकलं. हौसाबाई देवाचं नाव घेत होत्या, अश्विनी त्यांचं. संदीप म्हणत राहिला, "आईला न्हाई म्हनता आलं न्हाई मला." अश्विनीनं पोराला ओढून कडेवर घेतलं आणि संदीपला म्हणाली, "आज मला न इचारता केस घेतले. उद्या पोरगं घ्याल."

सोमवारी तिच्या वकिलांचा अर्ज आला. आदेशाचा भंग झाला आहे, बापाच्या भेटी कायमच्या बंद करा. आणि वकीलसाहेबांनी अश्विनीला बजावलं, की तारखेपर्यंत डोक्याला हात लावायचा नाही. डोकं पुरावा आहे.

मी त्यांना गाठलं. म्हटलं, "अहो, फोटो काढून ठेवा की."

"मॅडम, हल्ली फोटोत काय वाट्टेल ते करता येतं," ते म्हणाले. "मूळ पुरावा तो मूळ पुरावा."

तर हा मूळ पुरावा अर्धा टकला, अर्धा पोनीवाला, तिसगावात हिंडू लागला. अंगणवाडीत पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तो जाईना. घरी बसून आईच्या गिऱ्हाइकांना दिसायचा, त्याही हसायच्या. शेवटी मामा त्याला टेम्पोत घालून कांद्याच्या गोण्यांबरोबर फिरवू लागला.

तारखेला सगळे हजर. अश्विनीच्या वकिलांनी पुरावा हाताला धरून पुढं आणला. संदीपचे वकील म्हणाले, जावळ हा धार्मिक हक्क आहे. पलीकडून उत्तर आलं, धार्मिक हक्क अर्धाच कसा बजावला? जजसाहेब चष्मा काढून स्वराजकडे बघत राहिले. त्यांची स्वतःची नात तेवढीच होती. मग मला बोलावून म्हणाले, "मॅडम, दुपारपर्यंत बघा काही होतंय का. नाहीतर मला या अर्जावर आदेश करावा लागेल. आणि झाला प्रकार बघता भेटी चालू ठेवायला माझ्याकडे कारण नाही."

संदीपनं ते ऐकलं. रात्र मागायला निघालेल्या माणसाचे शनिवारही जायला आले होते.

माझ्या खोलीत मी सगळ्यांना बसवलं. समुपदेशनाला वकिलांना आत येऊ देत नाहीत, हा आमच्या सगळ्या कायद्यातला मला सर्वात आवडणारा भाग. पण वकील नसूनही कुणी बोलेना. अश्विनी भिंतीकडे बघतेय, संदीप बुटांकडे, हौसाबाई पदराचं टोक पिळतायत. दत्ता मामाला आत बसायची परवानगी नव्हती, तो खटल्यात पक्षकार नव्हता. तो आपला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बाहेर मुलांच्या खोलीत बबन, आता मामापदाचा राजीनामा दिलेला, स्वराजला खेळवत होता.

दत्ताच बोलला.

"काल आमी भाळवणीच्या नाक्यावर चहा प्यायला थांबलो हुतो. मला म्हनला, 'मामा, कापलेली बाजू पप्पाची अन् केसवाली आईची का?' मी म्हनलं, व्हय म्हनावं का न्हाई म्हनावं? तर म्हनतो, 'मग मी झोपताना कोनत्या कुशीवर झोपू?'"

मी बावीस प्रकारचे हुंदके ओळखते, पण हौसाबाईंच्या तोंडून जो आवाज आला तो मी पहिल्यांदाच ऐकला. अश्विनीनं ओठ दाबून धरले होते. मलाही भरून आलं. भरून आलं की मी कागद चाळते, तसे चाळले.

दत्ता पुढं म्हणाला, "मी येतो तिकडं. मांडी माझी. पोराला नेनार मी अन् आननार बी मीच."

"अन् न्हाई दिलं तर?" अश्विनीनं त्याच्याकडे न बघताच विचारलं.

"मग मी बी तिथंच बसन. माझं बी केस वाढू दे."

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही आलं. डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी संग जानार असला तरच."

आम्ही तडजोडीचा कागद घेऊन जजसाहेबांपुढं गेलो. तिथं दोन्ही वकील, ज्यांचं महिनोन्‌महिने एका मुद्द्यावरही एकमत झालं नव्हतं, ते एका सुरात म्हणाले, की मुलाचा मामा पक्षकार नाही, त्याचं नाव आदेशात घालता येणार नाही. जजसाहेबांनी विचारलं, "पण मांडी त्याचीच लागते ना?" दोघांनाही हो म्हणावं लागलं. मामाचं नाव आदेशात गेलं, आणि गृहभेटीच्या नावाखाली माझंही.

मला कुणी कायदा दुरुस्त करायला बसवलं, तर मी 'ताबा' शब्द आधी काढून टाकीन, यात्रेचा दिवस घालीन, आणि एक कलम मामासाठी लिहीन. आई-बापांनी एकमेकांशी बोलायचं बंद केलं, तरी मुलाभोवती आजी असते, आत्या असते, मामा असतो. कायद्याच्या लेखी त्यातलं कुणीही नाही. तिथं फक्त अर्जदार आणि त्याला उत्तर देणारे जाबदेणार असतात, आणि मधे एक वस्तू असते. मला अर्थात कुणी बसवणार नाही. बसवलं तरी माझा मसुदा दोन वकील मिळून खोडतील.

रविवारी दत्ताच्या टेम्पोत पुढं आम्ही तिघं, मधे स्वराज. पारनेरच्या फाट्याला दत्ता म्हणाला, "मॅडम, तिथं काय राडा झाला तर तुमी पोराला धरून गाडीत बसा. बाकीचं मी बघतो." मी बरं म्हटलं. तोवर मला भीती वाटत नव्हती, तिथून पुढं वाटायला लागली.

खंडोबाचं देऊळ गावाबाहेर टेकाडावर. भावकी जमलेली, हलगीवाला आलेला, पण वाजवावं की नाही ते त्याला कळेना. दत्ता टेम्पोतून उतरून तिथंच उभा राहिला. तेव्हा संदीप पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आला आणि खाली वाकून दत्ताच्या पायावर पाणी घालू लागला. रिवाज आहे म्हणे, जावळाला मामाचा मान असतो. पण भर बाजारात ज्याच्या हातची खाल्ली, त्याचे पाय धुवायला माणसाला वाकावं लागलं, आणि तो वाकला. दत्ता आधी ताठ होता. मग त्यानं संदीपच्या हातातून तांब्या काढून घेतला. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. हलगी सुरू झाली.

मामाच्या मांडीवर उरलेलं अर्धं डोकं चुटकीसरशी झालं. आत्यानं केस पदरात झेलले. स्वराज स्वतःच्या टकलावरून दोन्ही हात फिरवत गरागरा फिरला आणि म्हणाला, "आता सगळं सारखं." बोकडाचं काय झालं ते विचारू नका. मी रस्सा दोनदा घेतला, एवढंच सांगते.

खरा प्रश्न निघतानाचा होता. ऊन कलायला लागलं तेव्हा पोरगं बापाच्या खांद्यावर झोपून गेलं होतं. हौसाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की आजची रात." ते प्रेमानंच म्हणाल्या, पण मागं भावकीतली चार पोरं उभी होती, त्यातला एक बोलला, "आपलं पोरगं हाय. कशापायी द्यायचं?" मी बघितलं तर टेम्पोच्या तोंडाशी कुणी तरी मोटारसायकल आडवी लावून ठेवली होती. दत्तानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पर्समध्ये कोर्टाचा आदेश होता. त्या टेकाडावर त्या कागदानं एक पत्रावळही उचलली गेली नसती.

संदीप पोराला घेऊन उभा होता. इतकी वर्षं त्यानं जे मागितलं होतं ते त्याच्या खांद्यावर झोपलेलं होतं, आणि अडवणारं कुणी नव्हतं.

"गाडी काढ ती," तो म्हणाला.

मोटारसायकलवाला जागचा हलेना. "दादा, एवढं..."

"काढ म्हनलं ना. मला पुढच्या शनिवारी बी पायजे त्यो."

त्यानं पोराला टेम्पोत माझ्या मांडीवर ठेवलं, पाय नीट केले, दार हळूच ओढून घेतलं. मग खिडकीतून दत्ताला म्हणाला, "सावकाश चालव." आणि पाठ फिरवून देवळाकडे चालू लागला. हौसाबाई मात्र आम्ही वळणाआड होईस्तोवर तिथंच उभ्या होत्या.

तिसगावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अश्विनी पार्लर बंद करून रस्त्यावर येऊन थांबली होती. किती वेळ थांबली असेल कोण जाणे, शेजारच्या भेळवाल्यानं तिला बसायला स्टूल दिलं होतं आणि ते रिकामंच होतं. तिनं स्वराजला घेतलं. तो जागा झाला आणि लगेच सांगायला लागला, हलगी कशी वाजली, आज्जीनं काय भरवलं, पप्पांनी कसं खांद्यावर बसवून टेकाडावर नेलं. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत सगळं ऐकत होती.

"कानामागं ऱ्हायलंय जरा," ती म्हणाली.

दत्ता टेम्पो लावायला गेला. मी नगरच्या गाडीची वाट बघत थांबले. ती पोराला कडेवर घेऊन माझ्याजवळ आली आणि दुसरीकडेच बघत विचारलं, "मॅडम, तिथं झोपायची सोय कशी हाय?"

अहवालासाठी ते घर मी आधीच बघून आले होते. म्हटलं, "चांगली आहे. पुढची खोली पक्की आहे, पलंग आहे."

"पंखा?"

"आहे. पण फार खडखडतो."

तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. घटस्फोटाच्या आधीपासून त्या माणसाचा उल्लेख तिच्या तोंडून मी 'जाबदेणार' म्हणूनच ऐकला होता, वकिलांनी शिकवल्यासारखा.

"संदीपला म्हनावं, पंख्याला तेल घाल," ती म्हणाली. "पोराची झोप लई हलकी हाय."